श्वान आणि शेजारधर्म

मनुष्याच्या सहवासांत जे प्राणी आले त्यांत कुत्र्याचें स्थान निराळें आहे. गाय दुधासाठीं पाळली, बैल नांगरासाठीं, घोडा स्वारीसाठीं. कुत्र्यालाहि प्रथम शिकारीसाठीं व राखणीसाठींच जवळ केलें असेल. परंतु तीं कामें संपलीं तरी कुत्रें घरांतच राहिलें. आज शहरांतील बिऱ्हाडांत त्याला राखण्यासारखें फारसें कांहीं नसतें. घरच्या माणसांचा जीव जडला म्हणून तें तेथें असतें. पेंच उभा राहतो तो येथेंच. घरच्यांना जें भुंकणें स्वागताचें वाटतें तेंच भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची झोपमोड करितें. तोंडी तक्रार येते, तिचा अर्ज होतो, अर्जाची नोटीस होते. आणि शेवटीं एके दिवशीं मुलांच्या देखत त्या मुक्या प्राण्याची रवानगी दुसऱ्या कोणाच्या घरीं होते. वर्तमानपत्रांत छापला जाण्याइतका हा प्रसंग मोठा नसेल, परंतु ज्या घरावर तो येतो त्या घराला तो लहान वाटत नाहीं. ह्या तंट्याला बराच जुना इतिहास आहे, आणि तो पाहिला असतां आजच्या तंट्यावरहि कांहीं उजेड पडेल असें आम्हांस वाटतें.

महाभारताच्या आरंभींच त्याचें एक बीज आहे. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां सरमा नांवाच्या देवशुनीचा मुलगा तेथें आला. राजाच्या श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन ह्या तिघां भावांनीं त्याला मारून हांकलून दिलें. तो रडत आईकडे गेला. आईनें प्रथम त्यालाच विचारिलें कीं, तूं कांहीं अपराध केला असशील. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं व त्याला जीभहि लावली नाहीं असें त्यानें सांगितल्यावर ती सत्राच्या जागीं गेली आणि माझ्या निरपराध मुलाला कां मारिलें, असा जाब तिनें विचारिला. कोणींच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां, न दिसणारें भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली, आणि त्या शापाच्या शांतीसाठीं राजाला योग्य पुरोहिताचा शोध करीत फिरावें लागलें. ह्या कथेंत मारणारांपेक्षां आईचें वर्तन आम्हांस अधिक लक्षांत घेण्यासारखें वाटतें. लेंकराची बाजू घेण्यापूर्वीं तिनें त्याचीच चौकशी केली. राजाच्या भावांनीं मात्र शिक्षा करण्यापूर्वीं कसलीच चौकशी केली नाहीं.

त्याच ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वांत, द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेंत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून वर चल, असें म्हणतो. कुत्रें बाळगणारास स्वर्गांत जागा नाहीं, त्याच्या नजरेनें यज्ञकर्म विटाळतें, इत्यादि त्याचे आक्षेप एखाद्या सोसायटीच्या चिटणीसानें लिहून काढल्यासारखे आहेत. आपल्यावर विश्वासून आलेल्या जीवाला टाकण्याचें पाप आपल्या हातून होणार नाहीं, हाच युधिष्ठिराच्या उत्तराचा गाभा आहे. तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म होता, हें पुढें उघड होतें.

पुराणांतील हा आदर आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आंत मात्र फारसा आला नाहीं. दत्ताच्या पायाशीं चार कुत्रीं असतात व त्यांस चार वेद मानतात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवले, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आले आहेत. परंतु सोंवळ्याच्या घरांत कुत्रें ओसरीपर्यंतच येई. भाकरीचा तुकडा त्याला सगळी आळी घाली, आणि तें सगळ्या आळीचें असे. अमुक एका घराचें तें नसल्यामुळें अमुक एका घरावर तक्रार करण्याचा प्रसंगहि क्वचित् येई. धनगराचा कुत्रा तर कळपाबरोबर रानोमाळ फिरे. त्याला शेजारीच नव्हता. पुढें दाट वस्तीचीं शहरें वाढलीं, भिंतीला भिंत लागली, आणि कुत्र्याविषयीं निरनिराळी भावना असलेले लोक एकाच रस्त्यावर राहूं लागले. मुंबईंत ह्या गोष्टीचा स्फोट १८३२ सालीं झाला.

तो समजण्यासाठीं पारशी समाजाची श्रद्धा प्रथम पाहिली पाहिजे. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथाचे तीन अध्याय, तेरावा ते पंधरावा, बऱ्याच अंशीं कुत्र्यासंबंधानें आहेत. मृताचें अंत्यदर्शन कुत्र्यास करविण्याचा सगदीद नांवाचा विधि त्यांच्यांत आहे, आणि परलोकाच्या चिन्वत पुलाशीं कुत्रीं पहारा करितात असें ते मानतात. परंतु ह्या ग्रंथांत नुसती पूज्यबुद्धि नाहीं, व्यवहारहि आहे. घरच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न देणारास तेथें शिक्षा सांगितली आहे. उलट, न भुंकतां चावणारें पिसाळलेलें कुत्रें घरांत असेल तर त्याच्या गळ्यांत लांकडी खोडा घालून त्याला खांबाला बांधावें, असेंहि सांगितलें आहे. आणि तेवढ्यावर न थांबतां, माणसाला द्यावें तसें त्याला औषध द्यावें अशी आज्ञा आहे. व्यावयास आलेली निराधार कुत्री कोणीं सांभाळावी ह्या प्रश्नाचें उत्तर तर फारच सरळ आहे: ज्याचें घर तिला सर्वांत जवळ असेल त्यानें. शेजार ही केवळ हक्काची गोष्ट नसून कर्तव्याचीहि आहे, हें तत्त्व इतक्या थोडक्यांत क्वचितच कोठें सांगितलेलें सांपडेल.

उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याची पद्धत मुंबईंत कंपनी सरकारनें पूर्वींच घातली होती. पिसाळलेल्या कुत्र्यांचें भय हें तिचें कारण, आणि तें भय खोटें नव्हतें. १८३२ मध्यें ही मुदत वाढविण्यांत आली. आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळत असल्यामुळें शिपायांचा उत्साह मर्यादेबाहेर गेला. आठ आण्यांच्या लोभाला मोकाट कुत्रें कोणतें आणि दाराशीं निजलेलें पाळीव कुत्रें कोणतें हें कोठून दिसणार? ६ जून रोजीं पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशीं त्यांच्या वस्तींत शिपाई कुत्रीं मारीत फिरूं लागले, तेव्हां जमाव जमला आणि शिपायांस मार बसला. दुसऱ्या दिवशीं कोटांतील दुकानें बंद झालीं. पारशांबरोबर जैन, वैष्णव व इस्माइली व्यापारीहि त्यांत सामील झाले. कुलाब्याच्या लष्कराला जाणारी रसद अडली, अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर घाण व दगड पडले, आणि अखेर सैन्य बोलावून दंगा मोडावा लागला. ज्या पारशी समाजाची राजनिष्ठा सरकार गृहीत धरून चाललें होतें, त्यानें कुत्र्यासाठीं रस्त्यावर यावें ह्याचा राज्यकर्त्यांस मोठा अचंबा वाटला.

दंगेखोरांस शिक्षा झाल्या. परंतु पुढाऱ्यांच्या विनंतीवरून सरकारनेंहि आपलें धोरण बदललें. कुत्रीं ठार न मारितां शहराबाहेर नेऊन सोडावीं असें ठरलें. ह्या तोडीनें लोकांच्या मनाला शांति मिळाली असेल, पण शहराबाहेर नेल्यावर त्यांस खावयास कोण घालणार हा प्रश्न शिल्लक होता. दोन वर्षांनीं, १८३४ च्या ऑक्टोबरांत, शेट मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जिजीभाई यांनीं मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला. एक जैन आणि एक पारशी अशा दोघां व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन, ज्यांना शहर नको म्हणतें त्या जनावरांसाठीं जागा, चारा व पैसा ह्यांची कायमची तजवीज केली. लंडनमध्यें मेरी टील्बी ह्या बाईनें हरवलेल्या कुत्र्यांसाठीं घर काढलें तें १८६० सालीं. तेंच पुढें बॅटर्सीला गेलें. आपला पांजरपोळ त्याच्याहून सव्वीस वर्षांनीं जुना आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

अशी तजवीज न करितां कुत्रीं दूर पाठविलीं तर काय होतें ह्याचें भयंकर उदाहरण तुर्कस्तानांत घडलें. कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांवर शेंकडों वर्षें कुत्र्यांचे कळप मोहल्ल्यांतील लोकांच्या अन्नावर जगत होते. शहराला युरोपियन वळण देण्याची हौस असलेल्या नव्या राजवटीला तीं खुपूं लागलीं. १९१० मध्यें हजारों कुत्रीं गोळा करून मार्मारा समुद्रांतील एका ओसाड, खडकाळ बेटावर सोडण्यांत आलीं. तेथें अन्न नव्हतें, पाणी नव्हतें. मारण्याचें पाप कोणाच्याहि हातून घडलें नाहीं; कुत्रीं मात्र भुकेनें व तहानेनें मेलीं. वाऱ्याबरोबर त्यांचें रडणें शहरापर्यंत येत असे, असें सांगतात. आणि पुढें देशावर जीं युद्धें व संकटें कोसळलीं तीं त्या रडण्याचेंच फळ, असें कित्येक नगरवासी मानीत. सरमेच्या शापाची गोष्ट त्यांनीं ऐकली नसेल, पण त्यांच्या मनांत आली ती तीच.

१८३२ नंतर दोन मोठे फरक झाले. पहिला रोगाच्या भयासंबंधीं. १८८५ च्या जुलैंत पाश्चरनें पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या जोसेफ मायस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वांचविलें. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें त्याच उपचाराची संस्था निघाली. तेव्हांपासून ह्या रोगावर उपाय आहे, आणि घरच्या कुत्र्याला लस टोचून तो मुळांतच टाळतां येतो. दुसरा फरक शेजारासंबंधीं. १९१५ मध्यें गांवदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था उभी राहिली, आणि पुढें त्या धर्तीच्या संस्था सर्वत्र पसरल्या. शेजारी आतां एकटा उरला नाहीं. त्याच्यामागें सभा, ठराव व चिटणीस आले. चाळींत जो तंटा दोन बायका नळावर भांडून दुसऱ्या दिवशीं विसरत, तो आतां टाचण होऊन फायलींत बसूं लागला.

कायद्यानें दोन्ही बाजूंकडे पाहिलें आहे. प्राण्यांवरील क्रूरतेसंबंधींच्या १९६० च्या कायद्यानें, भूक व तहान यांनीं यातना होण्याचा संभव असतां सबळ कारणावांचून प्राण्यास टाकून देणें हा गुन्हा ठरविला आहे. आपल्या ताब्यांतील जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊं नये म्हणून काळजी न घेणाऱ्या मालकासहि शिक्षा आहे. प्राणिकल्याण मंडळानें २०१५ मध्यें स्पष्ट केलें कीं, सभासदांच्या बहुमतानेंसुद्धां एखाद्या सोसायटीला कुत्रें पाळण्यास बंदी करितां येत नाहीं. मोकाट कुत्र्यांविषयींचा वाद अजून मिटलेला नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानें दिल्लीच्या परिसरांतील सर्व मोकाट कुत्रीं निवाऱ्यांत हलविण्याचा हुकूम दिला. अकरा दिवसांतच मोठ्या पीठानें तो बदलून, निर्बीजीकरण व लस झाल्यावर, पिसाळलेलीं व अंगावर येणारीं वगळून, बाकीचीं आपापल्या जागीं सोडावीं असें सांगितलें. १८३२ चाच प्रश्न हा.

परंतु कायदा बाजूनें असला म्हणून घरांत सुख नांदतेंच असें नाहीं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नऊ वर्षांचा कुत्रा होता. वरच्या मजल्यावर तान्हें मूल आलें आणि तक्रारी सुरू झाल्या. घरधन्यास नियम तोंडपाठ होते. तो भांडला असता तर कदाचित् जिंकलाहि असता. पण त्याच्या आईनें वर जाऊन त्या बाळंतिणीची रात्र कशी जाते तें पाहिलें, आणि कुत्रा कोणत्या वेळीं भुंकतो त्याची नोंद ठेवली. दुपारीं घर रिकामें असलें कींच तो भुंकतो, असें आढळून आलें. दोन महिने पाळीपाळीनें कोणीतरी घरीं थांबलें. तें निभेना, तेव्हां कोंकणांतील मामांच्या वाडीवर त्याला न्यावयाचें ठरलें. मामा त्याच्या ओळखीचे होते. त्याचें अंथरूण, ताटली, औषधें बरोबर गेलीं. मोठा मुलगा तेथें आठ दिवस राहिला. निघण्याच्या दिवशीं वरची बाई मूल कडेवर घेऊन खालीं आली आणि कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. घरांत पुष्कळ दिवस कोणी दुपारचें दार उघडतांना पायांकडे पाहिल्याशिवाय राहत नसे.

ह्या कुटुंबानें कुत्रा पाठविला, टाकला नाहीं. बेट आणि पांजरपोळ ह्यांत जो भेद आहे तोच ह्या दोन शब्दांत आहे. पुढच्या घरीं कोणीतरी नांवानिशीं जबाबदारी घेतली असेल, मागच्या घरानें ती नीट सोंपविली असेल, आणि त्यापूर्वीं सरमेसारखी निःपक्षपाती चौकशी झाली असेल, तर वियोगाचें दुःख राहिलें तरी त्यांत विश्वासघात राहत नाहीं. तक्रार करणारालाहि शेजारधर्म आहेच. तो कांहीं कुत्र्याचा वैरी नसतो. बहुधा तो थकलेला, आजारी किंवा भ्यालेला माणूस असतो. त्यानें नोटिशीपूर्वीं एकदां दार ठोठावून आपली अडचण सांगितली, आणि आंतल्या माणसानें ती ऐकून घेतली, तर पुष्कळशीं कुत्रीं आपल्याच घरीं म्हातारीं होतील.