अक्राणी महालातील जमिनीची नोंद आणि राष्ट्रीय धोरण

१

राष्ट्रीय धोरणाचा इतिहास सामान्यतः राजधानीतील ठराव, अधिनियम आणि आयोगांचे अहवाल ह्यांच्या आधारे लिहिला जातो. ते धोरण गावापर्यंत कोणत्या कागदाच्या वाटेने पोचले, ह्याचा विचार त्या मानाने थोडाच होतो. वस्तुतः धोरणाने कोणाला काय द्यावयाचे हे जरी वरिष्ठ पातळीवर ठरत असले, तरी ते प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडावयाचे हे पुष्कळदा तलाठ्याच्या दप्तराने आधीच ठरवून टाकलेले असते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, म्हणजेच अक्राणी तालुका, हे ह्याचे ठळक उदाहरण होय. वनधोरण, सरदार सरोवर प्रकल्प आणि वनहक्क अधिनियम ही राष्ट्रीय धोरणाची तीन अंगे येथे एकामागून एक येऊन पोचली, आणि तिन्ही वेळा ‘ही जमीन कोणाच्या नावे आहे?’ हा एकच प्रश्न पुढे उभा राहिला.

२

अक्राणी महाल हा सातपुड्याच्या रांगांमधील डोंगराळ प्रदेश. उत्तरेस नर्मदा, दक्षिणेस डोंगर उतरून गेल्यावर तापीचे सपाट व सुपीक खोरे, आणि मध्ये उदईसारख्या नद्यांनी कापून काढलेल्या दऱ्या अशी त्याची रचना आहे. वस्ती प्रामुख्याने भिल्ल व पावरा ह्या जमातींची असून घरे एकवट गावठाणात नसून पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहेत. उतारावरील ज्वारी-मक्याची शेती, गुरे, मासेमारी आणि मोहफूल, चारोळी, तेंदूपाने ह्यांसारखी वनोपज मिळून येथील निर्वाह चालत आला.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश पुढे धुळे ह्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. अशा रीतीने जिल्ह्याचे नाव वारंवार बदलले. पण डोंगर व मैदान ह्यांच्यामधील प्रशासकीय भेद मात्र टिकून राहिला. मैदानी खानदेशात रयतवारी पद्धतीची शेतवार मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. ह्या मोजणीमुळे सारा वाढेल, ह्या भीतीने १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांतील शेतकऱ्यांनी मोजणीविरुद्ध उठाव केला. तो मोडण्यात आला आणि मोजणी पुढे गेली. तिच्यासह सारा आला हे खरे, पण तिच्याचबरोबर क्षेत्र, हद्द आणि खातेदाराचे नाव ह्यांची नोंदही आली. तशी मोजणी व हक्कनोंद नर्मदाकाठच्या डोंगरी गावांतून पूर्ण झाली नाही. मैदानातील शेतकऱ्याने ज्या मोजणीला आपत्ती मानले, तिचा अभाव हीच पुढे डोंगरातील शेतकऱ्याची आपत्ती ठरली.

३

डोंगरात जी नोंद पोचली ती वनखात्याची. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था घातली आणि १९२७ च्या अधिनियमाने तीच मूलतः कायम ठेवली. वन जाहीर करण्यापूर्वी त्या क्षेत्रातील हक्कांची चौकशी करण्याची तरतूद ह्या कायद्यांत होती. परंतु हक्क सांगण्यासाठी अर्ज करावा, मुदत पाळावी, कागद दाखवावा, ही पद्धती लेखनाशी संबंध नसलेल्या समाजाच्या आवाक्याबाहेरची होती. परिणामी अनेक वस्त्या ‘वनगाव’ ह्या सदरात गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरील ताबा ‘अतिक्रमण’ ह्या शब्दाने ओळखला जाऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर ह्या स्थितीत मूलभूत पालट झाला नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या भूमीपैकी एकतृतीयांश भाग वनाखाली असावा असे उद्दिष्ट ठेवले, आणि गावाच्या निकडीपेक्षा राष्ट्राच्या गरजेला अग्रस्थान दिले. ह्या धोरणामागील चिंता अवास्तव नव्हती. डोंगर उघडे पडत होते, इमारती लाकडाची मागणी वाढत होती, आणि उतारावरील माती वाहून जात होती. तथापि त्याच दशकात भारताने आणखी एक तत्त्व मान्य केले होते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या करारास भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. आदिवासी समाज परंपरेने ज्या भूमीवर राहत आला त्या भूमीवरील त्याची सामूहिक वा वैयक्तिक मालकी मान्य करावी, असे हा करार सांगतो. अर्थात दिल्लीत मान्य झालेले हे तत्त्व धडगावच्या दप्तरात उतरले नाही.

महाराष्ट्र शासनाने १९७० नंतरच्या दशकात ३१ मार्च १९७८ पूर्वीची काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. परंतु १९८० चा वनसंवर्धन अधिनियम आल्यावर वनजमिनीचा वनेतर उपयोग केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून करणे राज्यांना शक्य राहिले नाही, आणि नियमनाचे काम रेंगाळले.

४

अशा अवस्थेत नर्मदा प्रकल्प येऊन पोचला. नवागाम येथील धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली होती. राज्याराज्यांतील तंटा मिटविण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने जलाशयाची पूर्ण पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरविली. महाराष्ट्राच्या वाट्यास ०.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी आणि विजेचा २७ टक्के हिस्सा आला. ह्या मोबदल्यात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली.

पुनर्वसनाच्या बाबतीत हा निवाडा त्या काळाच्या मानाने उदार होता. रोख नुकसानभरपाईवर न थांबता त्याने जमिनीच्या बदली जमीन हे तत्त्व स्वीकारले आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. विस्थापिताच्या व्याख्येत त्या क्षेत्रात राहणारा वा जमीन कसणारा असा कोणीही बसू शकत होता. परंतु किमान दोन हेक्टर ओलिताच्या जमिनीचा हक्क मात्र ज्याच्या धारणेपैकी २५ टक्क्यांहून अधिक जमीन ‘संपादित’ होईल अशा कुटुंबासच होता. जी जमीन दप्तरी सरकारचीच आहे ती सरकार संपादित कशी करणार? तेव्हा निवाड्याच्या एका कलमाने ज्याला विस्थापित म्हटले, त्यालाच दुसऱ्या कलमाने जमिनीपासून दूर ठेवले.

सरकारी आकडेवारी ह्या दृष्टीने वाचली पाहिजे. महाराष्ट्रातील एकूण बुडीत क्षेत्र ९,५९९ हेक्टर. त्यांपैकी शेतजमीन १,५१९ हेक्टर, वन ६,४८८ हेक्टर आणि नदीपात्रासह इतर जमीन १,५९२ हेक्टर. म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्या रकान्यात पडते. केवळ हे कोष्टक वाचणाऱ्यास असे वाटेल की, महाराष्ट्रात शेती थोडी आणि रान फार बुडाले. पण वनाच्या त्या रकान्यात नोंद नसलेली शेतेही होती.

ह्या विसंगतीची जाणीव पुढे सर्वांनाच झाली. गुजरातने डिसेंबर १९८७ मध्ये भूमिहीन व अतिक्रमक ह्यांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राच्या १९८९ च्या धोरणात तेवढी व्याप्ती नव्हती. १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे साह्य मंजूर करणाऱ्या जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा करविली. तिच्या जून १९९२ च्या अहवालात कथित अतिक्रमकांना वगळण्याच्या पद्धतीवर स्पष्ट टीका आहे. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले.

५

पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात जमीन कोठून आणावयाची, हा पुढचा प्रश्न. १९९० मध्ये तळोदा वनक्षेत्रातील २,७०० हेक्टर जमीन केंद्राच्या संमतीने मोकळी करण्यात आली. पुढे १९९४ मध्ये आणखी १,५०० हेक्टरांची भर पडली. सोमावल परिसरात वसाहती उभ्या राहिल्या. परंतु तळोद्याची ही वनजमीनही निर्मनुष्य नव्हती. तिच्यावरही नोंदीविना शेती करणारी आदिवासी कुटुंबे होती. म्हणजे एका नोंदहीन शेतकऱ्याचे पुनर्वसन दुसऱ्या नोंदहीन शेतकऱ्याच्या शेतावर होऊ लागले.

दरम्यान बुडीत गावांतून मोजणीला विरोध होत होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये चिंचखेडी येथे अशाच विरोधाच्या प्रसंगी पोलिसांचा गोळीबार होऊन एका मुलाचा मृत्यू झाला. १८५२ च्या मोजणीविरुद्धच्या उठावाशी ह्या घटनेचे वरवर साम्य आहे. भेद मात्र मोठा आहे. सावद्याच्या शेतकऱ्याचा विरोध सारा वाढविणाऱ्या नोंदीला होता. नर्मदाकाठच्या शेतकऱ्याच्या दारी सविस्तर मोजणी आली ती गाव उठविण्याच्या वेळी.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने बांधकामास अनुमती दिली आणि पुढील उंचीची पुनर्वसनाशी सांगड घातली. न्यायमूर्ती भरुचा ह्यांनी भिन्न मत नोंदविले. त्यानंतर महाराष्ट्राने नेमलेल्या न्यायमूर्ती दाऊद समितीने २००१ मध्ये पुनर्वसन अपुरे असल्याचे दाखविले. तरीही धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २००६ मध्ये ती १२१.९२ मीटर झाली, २०१४ मध्ये दरवाजे बसविण्यास संमती मिळाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला.

६

नोंदीच्या प्रश्नाला निराळे वळण मिळाले ते पुराव्याच्या कल्पनेत बदल झाल्यामुळे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील वनजमीनधारकांच्या एका प्रकरणात कागदाखेरीज अन्य पुरावाही विचारात घेण्यास मान्यता दिली. डिसेंबर २००६ मध्ये संमत झालेल्या वनहक्क अधिनियमाने ही दिशा कायद्यात आणली. त्याच्या प्रास्ताविकातच वननिवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या जमिनीवरील हक्क, सामूहिक वनहक्क, वनगावांचे महसुली गावांत रूपांतर, आणि पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क न मिळता विस्थापित झालेल्यांना पर्यायी जमीन, ह्या सर्वांना त्यात स्थान मिळाले.

इतिहासाच्या अभ्यासकास ह्या कायद्याचे नियम विशेष उद्‌बोधक वाटावेत. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे आहे. पुराव्यात शासकीय कागदांबरोबर घर, विहीर, बांध, दफनभूमी ह्यांसारख्या खुणा आणि गावातील वृद्धांचे लेखनिविष्ट केलेले निवेदन ग्राह्य धरले आहे. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल वसूल केलेल्या दंडाची पावतीही आता शेतकऱ्याच्या उपयोगी पडली. ज्या कागदाने वडिलांना अपराधी ठरविले, तोच कागद मुलाच्या हातात हक्काचा दाखला झाला.

ह्या बदलाला मर्यादाही आहेत. दावा मंजूर होणे, प्रत्यक्ष मोजणी होणे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे ह्या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. ज्याचे शेत जलाशयाखाली गेले आहे त्यास तर विहीर वा बांध दाखविणे शक्यच नाही. त्याचा पुरावा केवळ स्मरणात उरला आहे.

७

अक्राणी महालाच्या ह्या इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. येथील अन्याय केवळ वाईट धोरणातून उद्भवला असे म्हणता येत नाही. लवादाचा निवाडा उदार होता आणि १९५८ मध्ये स्वीकारलेले तत्त्वही उच्च होते. परंतु प्रत्येक नव्या धोरणाने जुन्या नोंदीस प्रमाण मानून आपले काम सुरू केले, आणि त्या नोंदीतील उणीव प्रत्येक वेळी लाभार्थ्यांच्या यादीत उतरली. दप्तर हे भूतकाळाचे निःपक्ष चित्र नसते. कोणास पाहावयाचे आणि कोणास वगळावयाचे ह्याचा निर्णय त्यात आधीच झालेला असतो.

म्हणूनच ग्रामसभांनी तयार केलेल्या दाव्यांच्या फायली, त्यांतील वृद्धांची निवेदने आणि हातांनी काढलेले नकाशे ह्यांना प्रशासकीय कागदांपेक्षा अधिक मोल आहे. ज्या प्रदेशाचा शेतवार इतिहास दप्तरात नाही, त्याचा तो बहुधा पहिला लिखित इतिहास असेल. निवेदने देणारी पिढी वृद्ध आहे. फायली जपण्याचे काम पुढेही करता येईल. निवेदने मात्र ती पिढी हयात आहे तोवरच घ्यावयास हवीत.