पावणेदोन एकरांतला खेळ

मंडळी, ओझरच्या या द्राक्षपट्ट्यात एकर आणि गुंठा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून आज आपण फुटबॉलचं मैदानही त्याच मापानं मोजू. मोठ्या स्पर्धांचं मैदान साधारण 105 बाय 68 मीटर असतं, म्हणजे पावणेदोन एकर. पण नियम एवढ्यावर अडत नाहीत. लांबी 90 ते 120 आणि रुंदी 45 ते 90 मीटर चालते. म्हणजे सगळ्यात लहान मैदान एक एकराचं, तर सगळ्यात मोठं अडीच एकरांहून जास्त. खेळाडू मात्र दोन्हीकडे बावीसच. मग जागा बदलली की पास देण्याची पद्धत किती बदलते?

सुरुवात 1863 पासून करू. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशननं पहिले नियम केले, त्यात मैदान जास्तीत जास्त 200 बाय 100 यार्ड ठरलं. हे झाले चार एकरांच्या वर! एवढ्या जागेत लांब पास सुरू व्हायला हवे होते, पण झालं उलटंच. चेंडूच्या पुढे उभा असलेला साथीदार ऑफसाइड धरला जायचा. त्यामुळे एकानं चेंडू पायात घेऊन धावायचं आणि बाकीच्यांनी घोळक्यानं त्याच्यामागे पळायचं, असा खेळ चाले. जागा होती, पण ती वापरायची मुभा नव्हती.

1866 मध्ये हा नियम सैल झाला. गोलरेषेच्या बाजूला तीन प्रतिस्पर्धी असतील, तर पुढच्या साथीदाराला पास देता येऊ लागला. 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोजवळ पार्टिकच्या एका क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे सगळे खेळाडू क्वीन्स पार्क क्लबचे, अंगानं हलके. धक्काबुक्कीत इंग्रजांपुढे टिकाव लागणार नाही, म्हणून ते चेंडू एकमेकांकडे देत खेळले. सामना 0-0 सुटला. मैदान दोघांना सारखंच होतं, पण पास देणाऱ्यांनी ते जास्त वापरलं.

मग मापाला काहीच अर्थ नाही का? आहे. आर्सेनलचं जुनं हायबरी मैदान आकारानं आटोपशीर होतं. 1998 आणि 1999 मध्ये या संघानं चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने जास्त प्रेक्षक मावावेत म्हणून वेम्बलीला नेले. तिथलं मैदान साधारण पाच गुंठे मोठं. सहा सामन्यांत आर्सेनलला जिंकता आले दोनच. सगळा दोष मैदानाला देता येणार नाही. बार्सिलोनासारखा संघ कुठेही जड जातो. पण अंगावर धावून जाऊन चेंडू हिसकावणाऱ्या संघाला प्रत्येक बाजूला दोन-चार पावलं जास्त टाकावी लागली, की समोरच्याला मान वर करून पाहायला तेवढी सवड मिळते.

आता आपल्या मुंबईकडे या. कूपरेजवर रोव्हर्स कप खेळला जायचा. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं तो हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. मुलांनी चेंडू पायात घोळवत बसू नये म्हणून ते ड्रिबलिंगला मनाई असलेले सामने खेळवत. चेंडू आला की लगेच पुढे द्यायचा, ही सवय त्यांनी लावली. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारतानं 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे मैदान खेळाला एक वळण देतं, पण शिकवण त्याला दुसरं वळण देऊ शकते.

आता आपल्या मुलांचं बघू. आज शहरांत जाळीबंद टर्फ जागोजागी दिसतात. पाच-पाच जणांच्या फुटसालचं आंतरराष्ट्रीय मैदान 40 बाय 20 मीटर, म्हणजे आठ गुंठे. तिथे एका खेळाडूच्या वाट्याला पाऊण गुंठा येतो, मोठ्या मैदानावर तीन गुंठ्यांहून जास्त. कमी जागेत चेंडूवरचा पहिला स्पर्श सुधारतो, निर्णय झटपट घेता येतो. ब्राझीलचे कितीतरी मोठे खेळाडू असेच घडले. पण फुटसालमध्ये ऑफसाइड नसतो. बचावफळीच्या मागे नेमक्या क्षणी कसं पळायचं, चेंडू एका बगलेतून थेट दुसऱ्या बगलेला कसा न्यायचा, हे आठ गुंठ्यांत शिकता येत नाही.

असा मुलगा निवड चाचणीला पहिल्यांदाच पावणेदोन एकरांवर उतरतो आणि गोंधळतो. आपण लगेच म्हणतो, याच्यात दम नाही. मंडळी, 1964 पासून विमानांच्या कारखान्याशी नातं असलेलं हे गाव. धावपट्टी अर्धीच ठेवली आणि विमान उडालं नाही, तर दोष आपण विमानाला देऊ का?

टर्फ जरूर असावेत. पण गावात पुरेशी मोकळी जागा असेल, तर आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण मापाची फक्की मारून मुलांना तिथे खेळू द्या. आणि तो पावणेदोन एकरांचा तुकडा कुणी मागायला आलं, तर त्यावर काय उभं राहणार याच्या आधी, तिथे कोण खेळायचं थांबणार, हे विचारा.