दक्षिणेचा वारसा : नाणेघाट ते डेक्कन कॉलेज

जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ मुलखातून कोकणात उतरणाऱ्या वाटांत नाणेघाट विशेष प्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा सातवाहनांचा प्राकृत लेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी निगडित असलेल्या या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची जंत्री असून गाई, हत्ती, घोडे व कार्षापण यांचे आकडे नोंदलेले आहेत.

या लेखाचा अभ्यास ज्या विद्यास्थानात पुढे झाला, त्याचा पायाही दक्षिणेतूनच घातला गेला, ही गोष्ट लक्षणीय होय. पेशवाईत पंडितांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून कमिशनर चॅप्लिन याने १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने विख्यात झाले.

येरवड्यानजीकच्या दगडी गॉथिक इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ साली बसविली. आराखडा कॅप्टन विल्किन्स यांचा. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याची एक लक्ष रुपयांची देणगी तीस लाभली. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. कीलहॉर्न व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी येथे अध्यापन केले. टिळक, आगरकर व राजवाडे येथे शिकले. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात भांडारकरांनी नाणेघाटच्या लेखांचा उपयोग केला आहे.

१९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले. इमारत शाबूत होती. विद्या मात्र तेथून उठली. तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली. जीजीभाईंची देणगी ही ठेव आहे व तिचा हेतू सरकारवर बंधनकारक आहे, अशी त्यांची भूमिका होती. या लढ्याची परिणती १९३९ च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था सुरू होण्यात झाली. सांकलिया, इरावती कर्वे व कत्रे यांच्या कार्याने पुरातत्त्व, मानवशास्त्र व भाषाशास्त्र या विद्या तेथे रुजल्या. १९९० साली संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

दक्षिणा ही केवळ रक्कम नव्हे. घेणाऱ्यावर ती विद्यारक्षणाचे उत्तरदायित्व टाकते. नाणेघाटात दिलेल्या दक्षिणेची नोंद तेवढी उरली. येरवड्यास मात्र दात्याचा हेतू जागविणारे शिष्य निघाले, म्हणूनच ती वास्तू आजही विद्येच्या कामी आहे.