ब्रेकला दम लागतो तेव्हा

आजचा भाग रेसिंगच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या तुळजापूरच्या घाटातून.

मी आठवीत होतो. नवरात्रात देवीचं दर्शन घेऊन काकांच्या जीपमधून आम्ही सोलापूरकडे घाट उतरत होतो. दहा माणसं, वर कॅरिअरवर सामान. मध्येच जळका वास यायला लागला. काकांनी ब्रेक दाबला, तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला. पुढच्या वळणावर पायी येणारे भाविक दिसत होते. काकांनी पेडल दोन-तीनदा भराभर मारलं, गिअर खाली टाकला आणि गाडी डोंगराच्या कडेला घेऊन कशीबशी थांबवली.

"काका, ब्रेक फेल?"

"फेल न्हाई रं, दमलाय त्यो. अर्धा तास बसू दे त्याला."

पुढे बीटेकला कळलं, याचं नाव 'ब्रेक फेड'. ब्रेक वेग संपवत नाही, त्याची उष्णता करतो. हिशोब करून बघा: दोन टनांची जीप १०० मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरली, तर तेवढ्या उष्णतेत साधारण सहा लिटर पाणी उकळेल. २० टनांचा ट्रक असेल तर साठ लिटर. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. लायनरची पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजासारखं दबतं.

रेसवाल्यांना हाच त्रास प्रत्येक लॅपला व्हायचा. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत तेव्हा जवळपास सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला अरुंद वळण. बंद ड्रममधली उष्णता बाहेर पडायला वेळच नाही. गंमत म्हणजे उपाय जुनाच होता. लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. डिस्क उघड्यावर फिरते, वाऱ्याने लवकर गार होते. १९५३ मध्ये जग्वारने डिस्क ब्रेकच्या गाड्या उतरवल्या आणि ल माँ जिंकली. सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला.

मग प्रश्न सुटला? नाही. ११ जून १९५५. त्याच ट्रॅकवर जग्वारच्या हॉथॉर्नने पिटमध्ये जायला ब्रेक मारला. मागचा मॅकलिन त्याला चुकवायला बाजूला सरकला, आणि भरधाव आलेली लेव्हची मर्सिडीज त्याच्या गाडीवर चढून प्रेक्षकांकडे उडाली. लेव्हसह ८० हून जास्त माणसं गेली. मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते, जोडीला हवा अडवणारी उघडती फळी. दोष कोणाचा, यावर आजही वाद होतात. पण पिट आणि ट्रॅक यांच्यामध्ये भिंत नव्हती, हे मात्र खरं.

ही दुसरी बाजू आपल्या बोरघाटाच्या रेल्वेला चांगली ठाऊक आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या घाटात ३७ फुटांना एक फूट असा उतार आहे. तिथे कॅच सायडिंग असते. उतरणारी गाडी थांबून दाखवते, मगच पुढचा रूळ मिळतो. नाही थांबली, तर ती बाजूच्या चढावर जाऊन अडकते. रेसट्रॅकवर वळणाबाहेरची वाळू-खडी तेच काम करते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडणारच हे धरून बॅकअप ठेवतो. घाटातही तसंच. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही. जळका वास आला की पेडल खोल जायची वाट न बघता थांबायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

त्या दिवशी काका अर्धा तास दगडावर बसून राहिले. आम्ही कंटाळलो होतो. ते मात्र समोरून चालत जाणाऱ्या भाविकांकडे बघत होते. का, ते मला ल माँबद्दल वाचल्यावर कळलं.

भेटू पुढच्या भागात.