पेढीवरचा ‘घरचा मुलगा’ : औरंगाबादच्या बाजारपेठेतील गुमास्त्यांची हकीकत

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या दानधर्माची, देवळांची आणि धर्मशाळांची हकीकत द्यावी असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या दुकानांच्या उत्पन्नातून हे दान घडले, त्या दुकानांत पहाटे झाडलोट करणारा आणि रात्री फळ्या लावून गादीच्या पायथ्याशी निजणारा जो मुलगा होता, त्याचा उल्लेख अशा पृष्ठांत आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही. यंदा त्याच्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. बहुतेक वाचकांच्या घराण्यात असा एखादा मुलगा होऊन गेला असेल. काही घराण्यांचा तर मूळ पुरुषच तो असेल.

आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाणारे आपले शहर तेव्हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद होते. येथे कापसाची पहिली गिरणी १८८९ साली निघाली आणि तीत सुमारे ७०० माणसे कामास होती. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. मनमाडवरून मुंबईचा माल थेट येऊ लागला, सरक्या काढण्याचे कारखाने निघाले, आणि गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठण या बाजूंची आपली वाणी कुटुंबे गुलमंडी, शहागंज व मोंढा या भागांत येऊन स्थिरावली. दुकान वाढले की गल्ल्यावर विश्वासाचा माणूस लागतो. परका ठेवावा तर किल्ल्या कशा द्याव्या? म्हणून खेड्यावरून ज्ञातीतलाच मुलगा आणावयाचा. कोणाचा भाचा, कोणाच्या मेहुण्याचा मुलगा, कोणी नुसता गावभाऊ.

अशा मुलाशी करार असा होत नसे. बारा-तेरा वर्षांचे पोर मामाचे बोट धरून यावयाचे. दोन वेळचे जेवण, वर्षाचे दोन जोड कपडे आणि धंदा शिकविणे, एवढे बोलण्यात ठरावयाचे. पगाराचे विचारले तर शेठजी म्हणत, “घरचाच मुलगा आहे, त्याचे काय ठरवावयाचे? दिवाळीला पाहू.” यात निव्वळ लबाडी होती असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. रोजकीर्द आणि खतावणी, मालाची पारख, उधारीचा माणूस ओळखण्याची दृष्टी, हे सारे त्या गादीवरच शिकावयास मिळे, आणि अनेकांना पुढे शेठजींनीच भांडवल देऊन वेगळे दुकान घालून दिले. मात्र ज्यांना ते मिळाले नाही त्यांची संख्या कोणी मोजली नाही. ज्ञातीच्या इतिहासात यशस्वी झालेलेच तेवढे येतात.

आमच्याच घरची एक जुनी खतावणी आम्ही काही दिवसांपूर्वी एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडून वाचवून घेतली. तीत अशा एका मुलाचे खाते आहे. नावेच्या बाजूस वर्षभराच्या नोंदी : धोतरजोडी, टोपी, तापात आणलेले औषध, गावी जाण्याचे भाडे, आणि बहिणीच्या लग्नासाठी उचल दिलेले ४० रुपये. जमेच्या बाजूस दिवाळीपर्यंत काहीही नाही, आणि दिवाळीला एकच नोंद, ७० रुपये. नावेची बेरीज ८१ रुपये ४ आणे. म्हणजे वर्षभर राबून तो मुलगा आमच्या आजोबांचे ११ रुपये ४ आणे देणे लागत होता. त्या गृहस्थांनी हे वाचून चष्मा काढला आणि ते म्हणाले, “हिशेब बरोबर आहे बघा.” हिशेब बरोबरच होता.

शिवाय ते ७० रुपये हाली शिक्क्याचे. तरुण वाचकांस हे सांगितले पाहिजे की, निजामाच्या राज्यात दोन रुपये चालत. एक हाली, दुसरा इंग्रजी अमलाचा कलदार. सात हालीचे सहा कलदार हा भाव. तेव्हा ७० हाली म्हणजे ६० कलदार. मुंबईच्या मालाचे पैसे कलदारांत चुकवावे लागत, आणि पगार द्यावयाचा तो हालीत. ‘सत्तर रुपये’ असे ऐकून मनमाडपलीकडच्या नातेवाइकांनी मुलाचा हेवा करावा आणि प्रत्यक्षात दहा रुपये वाटेतच विरावे, अशी ही गंमत. हाली नाणे १९५९ पर्यंत पूर्णपणे रद्द झाले नव्हते.

जी गोष्ट दुकानात, तीच थोड्या फरकाने मोंढ्यात. शेतकऱ्याच्या मालाचा भाव उपरण्याखाली बोटे दाबून ठरे. त्यास ‘हत्ता’ म्हणत. पुढे हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय यांची कपात होई. यातील धर्मादायाबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण तो पैसा कापला जाई शेतकऱ्याच्या पट्टीतून. बाजार नियमनाचा कायदा हैदराबाद राज्यात १९३० साली झाला आणि महाराष्ट्राचा १९६३ साली. उघड लिलाव रुळण्यास तरीही पुष्कळ काळ गेला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता सुट्टीचे पाहा. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. दुकानातील नोकरासाठी मुंबई प्रांताचा पहिला कायदा झाला तो १९३९ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. गिरणीतल्या परक्या मजुराला सुट्टी आणि गादीवरच्या आप्ताला नाही, असा हा काळ गेला. येथे तर जाफर गेटचा बाजार रविवारचाच. त्या दिवशी मुलाला जेवावयासही उसंत नसे.

मुंबईचा सुधारलेला कायदा १९४८ सालचा. हैदराबाद राज्याने आपला कायदा १९५१ साली केला. पुढे मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. लोक या सर्वांना ‘गुमास्ता कायदा’ म्हणतात. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी, हे त्यातील ठळक नियम सर्वांस ठाऊक आहेत. पण आमच्या मते मुंबईच्या कायद्यातील सर्वांत मोलाचे कलम व्याख्येचे आहे. मालकाच्या कुटुंबातील व्यक्तीला त्याने नोकर मानले नाही. आणि कुटुंब म्हणजे कोण? पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. तेही मालकाजवळ राहणारे व त्याच्यावर अवलंबून असलेले. यादी तेथे संपते. भाचा त्यात नाही, मेहुण्याचा मुलगा नाही, गावभाऊ तर नाहीच. ‘घरचाच मुलगा’ हा आपला शब्द सरकारी कागदाने असा मोजून पाहिला आणि तो मापात भरला नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांना याचा मोठा राग होता. नात्यात कायदा आणला, असे ते म्हणत. काही दुकानांत मग त्याच मुलास कागदोपत्री एक आण्याचा भागीदार दाखविण्याची युक्ती निघाली. निरीक्षकापुढे भागीदार, आणि तो गेल्यावर पुन्हा झाडू. ही युक्ती आपल्याच ज्ञातीने शोधली असे नव्हे, पण ती आपणांस लवकर साधली खरी.

२०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. त्याने नोंदणी आणि कामाच्या तासांचे नियम दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते ठेवले. लहान दुकानदाराने केवळ माहिती कळवावी, एवढेच बंधन राहिले. लहान दुकानदारास याने दिलासा मिळाला हे आम्ही नाकारीत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेक तेच आहोत. पण ‘घरचा मुलगा’ असतो तो चार माणसांच्या दुकानातच. किमान वेतनाचा हक्क मात्र दुकानात किती माणसे आहेत यावर अवलंबून नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आज वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असलेला आपला तरुण भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक तोंडपाठ सांगतो; त्याचाच आतेभाऊ गुलमंडीवर सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत उभा असतो आणि त्याला पगाराची चिठ्ठी कधी मिळालेली नसते.

त्या खतावणीविषयी एक राहिले. ११ रुपये ४ आण्यांची ती बाकी पुढील तीन दिवाळ्यांच्या वह्यांत ओढलेली आहे. चौथ्या वहीत त्या मुलाचे खाते नाही. बाकी फेडली असती तर जमेची नोंद सापडली असती. सोडून दिली असती तर बुडीत खात्यात दिसली असती. आम्ही दोन्हीकडे शोधले.