निवडुंग कोणता?

शनिवार पेठेतल्या गच्च्यांवर नि गॅलऱ्यांत हौसेने कॅक्टस लावणारे कमी नाहीत. त्यांतला कोणी मिश्र बियांचे पाकीट आणून पेरतो आणि दोन महिन्यांनी आम्हाला विचारतो, "यातला कोणता कोणता?" खरे उत्तर असे, की एवढ्यात सांगता येणार नाही. कोवळ्या रोपाचे काटे मोठ्या झाडासारखे नसतात. जात बहुधा फुलावरून ठरते आणि फूल यायला काही वर्षे जातात. शिवाय बऱ्याच कॅक्टसना बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. शेजारच्या कुंडीत वेगळी जात असली तर बी संकरित निघू शकते. मग पाकिटावरच्या नावाचा काय उपयोग?

जात नेमकी कळली नाही म्हणून बिघडते कुठे, असे कोणी म्हणेल. ईस्ट इंडिया कंपनीचे बिघडले होते.

१७९५ साली शनिवारवाड्यात सवाई माधवरावांचा अंत झाला. त्याच साली कॅप्टन नील्सन याने ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोहून कलकत्त्याला कोचिनीलचे किडे आणले. या किड्यांच्या वाळवलेल्या माद्यांपासून उंची लाल रंग मिळतो. (आपला 'किरमिजी' हा शब्दही अशाच एका दुसऱ्या किड्यावरून आला.) मेक्सिकोतला हा व्यापार स्पेनच्या मुठीत होता, कंपनीला तो हवा होता. किडे पोसायला लागतो फड्या निवडुंग. त्यासाठी मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बागही लावली होती.

पण नील्सनने आणलेला किडा रंगासाठी पाळतात तो नव्हताच. तो त्याचा रानटी भाऊबंद निघाला. रंग हलका, धंदा बुडाला. किडा मात्र ओपन्शिया मोनाकँथा या जातीवर असा तुटून पडला, की उत्तर आणि मध्य भारतात तिची दाट बेटे साफ झाली. पुढे १८३६ ते १८३८ या काळात तो मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आला. किड्यांकरवी तण मारल्याचे जगातले हे पहिले नोंदलेले उदाहरण मानतात.

गंमत अशी, की ओपन्शिया डिलेनी या दुसऱ्या जातीचे त्याने काहीच वाकडे केले नाही. माणसाला दोन्ही 'फड्या निवडुंग'. किड्याला तसे वाटत नव्हते! डिलेनीसाठी १९२६ साली श्रीलंकेहून कोचिनीलची वेगळी जात आणावी लागली, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली.

मराठीत घोळ आणखी वाढतो. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, खरा कॅक्टस. त्रिधारी निवडुंग इथलाच, पण तो एरंडाच्या कुळातला. नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगात सापडली असे सांगतात. तो निवडुंग कोणता, हे नावावरून कळत नाही.

मुलांना फरक दाखवायचा तर चिकावर विसंबू नका. त्रिधारीला पांढरा चीक असतो हे खरे, पण मॅमिलारिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींनाही तो असतो. काट्यांचे बूड पाहा. कॅक्टसचे काटे लवेच्या छोट्या गादीतून झुबक्याने निघतात. त्रिधारीचे जोडीने येतात आणि तिथे लवेची गादी नसते. बियांपासून केलेल्या रोपातही पहिले काटे फुटले, की ही गादी साध्या भिंगातून दिसते. त्रिधारी मात्र वर्गात मोडून दाखवू नका. त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो.