टाक्याचे पाणी आणि नळाचे पाणी

अहमदाबादच्या जुन्या शहरातील पोळांमधून फिरताना मराठी माणसाला एक शब्द ओळखीचा वाटतो, तो म्हणजे ‘टांकुं’. आपल्या गडांवरील पाण्याच्या टाक्याचाच हा गुजराती भाऊबंद. गडावरचे टाके कातळात खोदलेले व साऱ्या शिबंदीसाठी असे. येथील टाके घराच्या चौकाखाली बांधलेले व एका कुटुंबाचे असे.

पावसाळ्यापूर्वी छप्पर झाडून स्वच्छ करीत. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ देत आणि त्यानंतरचे पन्हळीतून चुन्याच्या गिलाव्याच्या टाक्यात सोडीत. तोंडावर झाकण असल्याने आत उजेड जात नसे आणि शेवाळ धरत नसे. दोरी बांधलेल्या स्वच्छ भांड्याने उपसलेले हे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी जपून वापरीत. शहरातील अनेक विहिरींचे पाणी मचूळ होते, शिवाय घरांलगतच्या शोषखड्ड्यांमुळे ते दूषितही होई. जड पाण्यात डाळ नीट शिजत नाही, हे गृहिणींना कोणत्याही प्रयोगशाळेपूर्वी ठाऊक होते. पावसाचे पाणी मृदू, म्हणून ते मौल्यवान.

पण टाके बांधायला स्वतःचे पक्के घर लागे आणि पैसाही लागे. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांनी काय प्यावे? हा प्रश्न नगरपालिकेच्या पातळीवर धसास लावणारे गृहस्थ म्हणजे रणछोडलाल छोटालाल. अहमदाबादेत १८६१ साली पहिली कापडगिरणी सुरू करणारे हे उद्योजक पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळयोजनेला विरोध झाला. त्यात कराच्या बोज्याची भीती होती, तशीच विटाळाच्या कल्पनांचीही अडचण होती. तरीही १८९१ साली साबरमतीकाठी दूधेश्वर येथून नळाचे पाणी सुरू झाले. ज्याच्या घरी टाके होते त्याला नळाची तितकी निकड नव्हती. ज्याच्याकडे नव्हते त्याला होती. सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे खरे समर्थन मला येथे दिसते.

मग दोहोंत श्रेष्ठ कोणते? पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प असतात. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी असते. ते ढगातून जवळजवळ शुद्ध येते, परंतु छपरावरील धूळ व पक्ष्यांची विष्ठा त्यात मिसळू शकते, आणि साठवणीत जंतूंना अटकाव करणारे त्यात काही नसते. नळाच्या पाण्यात क्षार अधिक असतात, पण भारतीय मानकानुसार त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. वाटेतील संसर्गावरचा तो पहारेकरी. मात्र नळ दिवसातून तासभरच येत असेल, तर रिकाम्या व गळक्या वाहिनीत बाहेरची घाण शिरते आणि हा पहारेकरी अपुरा पडतो. म्हणजे दोन्ही पाण्यांची शुद्धता अखेर देखभालीवर अवलंबून आहे. एकाची देखभाल घर करी, दुसऱ्याची कचेरी करते.

नळ आल्यावर घराने आपली जबाबदारी कचेरीवर सोपवली आणि टाकी हळूहळू विस्मृतीत गेली. ती जबाबदारी कायद्याने पुन्हा घराकडे आणण्याचा मोठा प्रयत्न तामिळनाडूने केला. २००३ साली तेथे वटहुकूम काढून जुन्या-नव्या सर्व इमारतींना पर्जन्यजल-संधारण सक्तीचे करण्यात आले. चेन्नईत अनेक ठिकाणी भूजलाची पातळी वाढली. पण पुढे अनेक इमारतींतील खड्डे गाळाने भरले. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्याकडे लातूरने हे २०१६ सालीच अनुभवले होते. अर्थात पाऊसच कमी झाला तर कोणतेही खड्डे भरत नाहीत. तरीही बांधकामाची नोंद घेणे सोपे आणि दरवर्षी छप्पर झाडले की नाही हे पाहणे कठीण, हा प्रशासकीय धडा शिल्लक राहतोच.

अहमदाबादच्या पोळीत छप्पर झाडण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. तेच पाणी वर्षभर आपल्याच मुलांना प्यायचे आहे, एवढे कारण पुरेसे होते. नळ सर्वांपर्यंत पोहोचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते टाळता येणार नाही. पण आपल्या छपरावर पडणाऱ्या पाण्याशी आपले काही नाते आहे, ही जाणीव कोणत्याही वटहुकुमाने निर्माण होत नाही. ती टिकवता आली, तर टाके आणि नळ एकमेकांचे प्रतिस्पर्धी न राहता सोबती होतील.